उजवीकडे वळताना हँडल कुठे वळते?

आपल्या वर्गात सायकलवरून येणाऱ्या मुलामुलींना एक साधा प्रश्न विचारून पाहा. सायकल वेगात आहे आणि तुम्हांला उजवीकडे वळायचे आहे. हँडल आधी कोणत्या बाजूला वळवाल? बहुतेक सर्व जण "उजवीकडे" असे उत्तर देतील, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे थोड्या संशयाने पाहतील. हे उत्तर चुकीचे आहे. गंमत अशी, की ते देणारा प्रत्येक जण रोज शाळेत येताना बरोबर कृती करीतच येतो. हातांना ठाऊक असलेली गोष्ट डोक्याला ठाऊक नसते, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

या प्रश्नाकडे मी वळलो तो एका छोट्या अपघातामुळे. माझ्या भाच्याने त्याच्या क्रूझर मोटारसायकलचे हँडल बदलून घेतले. मूळ हँडल काढून तेथे बरेच उंच आणि मागे वळलेले हँडल बसवले. दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या आवारात गाडी वळवून लावताना त्याने हँडल पूर्ण डावीकडे फिरवले. मूठ पिळली नसतानाही इंजिनाची रेस आपोआप वाढली, गाडी पुढे झेपावली आणि भिंतीवर आदळली. मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये राहिले. "मामा, मी काहीच केलं नाही हो, गाडी आपली आपणच पळाली," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ते खरेही होते. हँडल उंच झाले होते, पण अ‍ॅक्सिलरेटरची केबल जुनीच होती. हँडल पूर्ण फिरवताच ती ताणली गेली आणि तिने स्वतःच रेस वाढवली.

केबल बदलली की प्रश्न सुटेल, असे गॅरेजवाल्याचे म्हणणे होते. तेवढ्याने तो सुटत नाही. हँडल म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

द्राइसचा दांडा

१२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम गावातून कार्ल फोन द्राइस हा गृहस्थ एका लाकडी यंत्रावर स्वार होऊन बाहेर पडला. एकामागे एक अशी दोन चाके, त्यांना जोडणारी तुळई आणि तिच्यावर बैठक, एवढेच ते यंत्र. पायडल नव्हते. जमिनीला पायांनी रेटे देत पुढे जायचे. जाऊन येऊन सुमारे १४ किलोमीटरचे अंतर त्याने तासाभराच्या आत कापले. पुढच्या वर्षी त्याला बाडेन राज्याचे पेटंटही मिळाले.

या यंत्रातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे वळणारे पुढचे चाक. ते वळवण्यासाठी चाकाच्या वरून मागे, स्वाराच्या हातापर्यंत आलेला एक दांडा होता. होडीच्या सुकाणूला असतो तसाच. दांडा डावीकडे ढकलला की चाक उजवीकडे वळे. हात पुढे-मागे नव्हे, तर आडवे, डाव्या-उजव्या बाजूला हलत. कोपर टेकण्यासाठी समोर एक वेगळी फळी होती, कारण दांड्यावर भार द्यायचा नव्हता.

वळणारे चाक हवे ते रस्त्याच्या वळणासाठी, असेच कोणालाही वाटेल. पण द्राइसचे यंत्र उभे राहत होते तेसुद्धा त्यामुळेच. पुढचे चाक पक्के बसवून टाकले, तर सरळ रस्त्यावरही दुचाकी काही क्षणांत आडवी होते. आपण हातावर काठी उभी तोलतो तेव्हा काठी ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हात नेतो. दुचाकीवर हेच काम चाक करते. ती ज्या बाजूला कलेल, त्या बाजूला चाक वळते आणि टायर पुन्हा गुरुत्वमध्याच्या खाली येतात. म्हणजे हँडल हे तोल राखण्याचेही साधन आहे.

दांड्याचे हँडल झाले

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या सायकली आल्या. मिशो यांच्या कारखान्यातील सायकली त्यांत प्रसिद्ध होत्या. त्यांवर मागे येणारा दांडा जाऊन चाकाच्या फोर्कवर आडवा बसवलेला, दोन्ही बाजूंना मुठी असलेला दांडा आला. हेच आपले हँडल. ते पिळले की एक दोरी गुंडाळली जाई आणि मागच्या चाकावर ब्रेक दाबला जाई. म्हणजे जन्मापासूनच हँडलवर दोन कामे पडली. दिशा देणे हे एक आणि यंत्राला हुकूम देणे हे दुसरे.

त्यानंतर उंच पुढच्या चाकाच्या सायकली आल्या. त्यांवर हँडलने एक नवेच संकट आणले. चाक खड्ड्यात अडकले की स्वार पुढे फेकला जाई, पण मांड्या हँडलखाली अडकल्यामुळे तो पायांवर न पडता डोक्यावर पडे. यावर उपाय म्हणून 'व्हॉटन हँडल' निघाले. हे हँडल पायांच्या मागून वळून येई, त्यामुळे फेकला गेलेला स्वार निदान पायांवर उतरू शके. हँडलचा आकार हा केवळ आवडीचा प्रश्न नाही, हे सायकलस्वारांना तेव्हाच कळले होते.

१८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही आजच्या सायकलीची पूर्वज ठरलेली सायकल तयार केली. तिच्या पहिल्या नमुन्यात हँडल एकीकडे आणि चाकाचा फोर्क दुसरीकडे होता, आणि दोहोंना सळ्यांनी जोडले होते. लवकरच या सळ्या गेल्या. फोर्क तिरपा करून त्याच्या माथ्यावर थेट हँडल बसवण्यात आले. त्याच वर्षी जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचे इंजिन चढवले. तिच्या मूळ आराखड्यात दातेरी चाकांमधून फिरणारे सुकाणू आणि पिळण्याची मूठ होती. प्रत्यक्ष गाडीवर मात्र साधेच हँडल बसवले गेले. सर्वांनी शेवटी थेट जोडणी का स्वीकारली, हे पुढे येईलच.

बाउडनची केबल

जुनी काळी सायकल ज्यांनी वापरली आहे, त्यांना सळीचे ब्रेक आठवत असतील. हँडलखालून निघालेल्या सळ्या सांध्यासांध्यांतून चाकापर्यंत जात. अशा सायकलीचे हँडल बदलणे म्हणजे मोठे काम, कारण सळीची प्रत्येक लांबी त्या हँडलला मापूनच केलेली असे.

१८९६ साली इंग्लंडमध्ये अर्नेस्ट बाउडन यांनी एका लवचिक केबलचे पेटंट घेतले. कल्पना साधी, पण विलक्षण आहे. आत पोलादी तार आणि तिच्याभोवती न दबणारे वेटोळ्यांचे वेष्टन. एका टोकाला तार जितकी ओढावी, तितकीच ती दुसऱ्या टोकाला ओढली जाते, मग वाटेत कितीही वळणे असोत. ब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर हे सारे हँडलवर येऊन बसले ते या तारेमुळे. हँडलचा आकार यंत्राच्या इतर भागांपासून मोकळा झाला तोही तिच्यामुळेच.

मात्र ही मोकळीक केबलच्या लांबीपुरतीच असते. वेष्टनाला पुरेशी ढील नसेल आणि हँडल वळताना ते खेचले गेले, तर आतली तारही ओढली जाते. ब्रेकला किंवा इंजिनाला तो हातानेच दिलेला हुकूम वाटतो. माझ्या भाच्याच्या गाडीत नेमके हेच घडले.

उलटा हात

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ग्लासगो विद्यापीठातील विल्यम रँकिन यांनी १८६९ मध्ये 'द इंजिनिअर' या नियतकालिकात दुचाकीच्या गतीवर लेखमाला लिहिली. वाफेच्या इंजिनांच्या सिद्धान्तासाठी ते प्रसिद्ध होते. या लेखांत त्यांनी दाखवून दिले, की वळण्याआधी दुचाकी त्या बाजूला कलली पाहिजे, आणि ती कलावी म्हणून चाक प्रथम उलट बाजूला वळवावे लागते.

कारण सोपे आहे. वेगात असताना चाक किंचित डावीकडे वळवले, तर टायर डावीकडे सरकतात. स्वाराचे शरीर आणि गाडीचा गुरुत्वमध्य मात्र पूर्वीच्याच दिशेने जात राहतात. आधार डावीकडे गेला, म्हणून गाडी उजवीकडे कलते. त्यानंतर चाक उजवीकडे वळते आणि गाडी वळणाला लागते. उजव्या मुठीला क्षणभर पुढे ढकलले की हेच घडते. ही उलटी हालचाल इतकी अल्प असते, की आपल्याला ती जाणवतही नाही.

विमानाचा शोध लावणारे राइट बंधू हे डेटन गावातले सायकल दुकानदार होते. विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना हा प्रश्न विचारला होता. पहिल्या झटक्यात पूर्ण बरोबर उत्तर देणारा त्यांना एकही भेटला नाही.

दुचाकी स्वतःच उभी कशी राहते, हा प्रश्न मात्र याहून अवघड ठरला. फ्रान्समध्ये कार्व्हालो यांनी आणि केंब्रिजमध्ये फ्रान्सिस व्हिपल या विद्यार्थ्याने १८९९ च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दुचाकीच्या तोलाची गणिती समीकरणे मांडली. पुढे बरीच वर्षे फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा गुण हेच तोलाचे मुख्य कारण मानले जाई. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक लावून हा गुण नाहीसा केला. तरीही ती सायकल चालवता आली!

जोन्स यांनी दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधले. पुढच्या फोर्कचा तिरपा आस खाली वाढवला, तर तो जमिनीला टायरच्या स्पर्शबिंदूच्या थोडा पुढे मिळतो. म्हणजे टायर आसाच्या मागून फरपटत येते, जशी दवाखान्यातील स्ट्रेचरची चाके आपोआप मागे वळून सरळ होतात. या अंतराला इंग्रजीत 'ट्रेल' म्हणतात. आपण त्याला 'पिछाडी' म्हणू. २०११ साली डच आणि अमेरिकन संशोधकांच्या गटाने 'सायन्स' नियतकालिकात आणखी पुढची गोष्ट सिद्ध केली. भोवऱ्याचा गुण आणि पिछाडी ही दोन्ही काढून टाकलेली, तरीही स्वतःचा तोल सांभाळणारी दुचाकी त्यांनी बनवून दाखवली. तोल सांभाळण्याच्या वाटा अनेक आहेत. पण त्यांच्या दुचाकीतही समान सूत्र एकच होते. गाडी कलली, की पुढचे चाक आपोआप त्या बाजूला वळते.

याचा अर्थ असा, की आपण हँडलने चाक वळवतो आणि चाकही हँडल वळवते. हा संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. म्हणूनच थेट जोडणी टिकली आणि मध्ये घर्षण वाढवणाऱ्या सळ्या व दातेरी चाके मागे पडली. केबल आखूड असून हँडल मध्ये अडत असेल, तर फक्त रेस वाढते असे नाही. गाडी स्वतःला सावरण्यासाठी जी हालचाल करू पाहते, तीच आपण बांधून ठेवतो.

क्रूझरचे हँडल

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील तरुण आपल्या जड मोटारसायकलींचे सुटे भाग काढून त्या हलक्या करू लागले. १९६० च्या दशकात याच छंदातून लांब फोर्क आणि खांद्याच्याही वर जाणारे हँडल यांची टूम निघाली. १९६९ च्या 'ईझी रायडर' चित्रपटाने ती जगभर नेली. अमेरिकेतील अनेक राज्यांना हँडलच्या उंचीवर कायद्याने मर्यादा घालावी लागली. घरगुती गॅरेजांतील ही आवड पाहून कारखान्यांनीही तशा गाड्या काढल्या. हार्ले-डेव्हिडसनची १९७१ ची 'सुपर ग्लाइड' ही त्यांतली एक. आपल्याकडे पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये 'एलिमिनेटर' आणि २००५ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर' आणली. २०१५ मध्ये कंपनीने अ‍ॅव्हेंजरचे 'स्ट्रीट' आणि 'क्रूझ' असे प्रकार काढले. त्यांच्यातील डोळ्यांत भरणारा एक फरक हँडलचा होता. एकाचे सपाट, तर दुसऱ्याचे उंच व मागे ओढलेले.

क्रूझरचा फोर्क अधिक तिरपा आणि पिछाडी अधिक असते. त्यामुळे ती सरळ रस्त्यावर शांतपणे धावते, पण वळवायला जोर लागतो. म्हणून तिला रुंद हँडल लागते. हँडल ही तरफ आहे. वळवण्यासाठी १४ न्यूटन-मीटर आघूर्ण लागते असे समजा. मूठ आसाच्या बाजूला ३५ सेंटिमीटरवर असेल, तर ४० न्यूटन बल पुरते. ती २५ सेंटिमीटरवर आणली, तर ५६ न्यूटन लागते.

आता मुठी मागे ओढल्यावर काय होते ते कागदावर काढून पाहा. मूठ नेहमी आसाभोवतीच्या वर्तुळावर फिरते. ती आसाच्या बरोबर बाजूला असेल, तर पुढे-मागे सरकते. आसापासून जितकी बाजूला तितकीच मागे असेल, तर ४५ अंशांत तिरकी सरकते. आणखी मागे नेली, की हालचाल जवळजवळ आडवी होते. म्हणजे आपण पुन्हा द्राइसच्या दांड्याकडे आलो! सरळ हँडलवर वर्षानुवर्षे घडलेल्या हातांना मूठ पुढे ढकलण्याची सवय असते. अरुंद आणि फार मागे आलेल्या हँडलवर त्याच ढकलण्याचा परिणाम कमी होतो. हात खांद्याच्या वर असतील, तर ते लवकर थकतात आणि नेमका जोरही लावता येत नाही.

यात गंभीर काय, असे कोणी विचारील. १९८१ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळले, की अपघात टाळण्यासाठी स्वाराला साधारणतः दोन सेकंदांहून कमी वेळ मिळतो. आणि त्या वेळात उलटा हात देऊन गाडी चटकन बाजूला काढण्याचे कौशल्य अपघातग्रस्त स्वारांत जवळजवळ नव्हतेच. दोन सेकंदांत विचार करता येत नाही. जे करायचे ते हातच करतात. त्यांना नेहमीच्या जागी नेहमीची तरफ सापडली पाहिजे.

हँडल बदलायचेच असेल तर

प्रथम कायदा पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा करणाऱ्या बदलास मनाई करते. म्हणून आधी परिवहन कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर. नळीचा व्यास क्लॅम्पला जुळला पाहिजे. बहुतेक गाड्यांत तो २२ मिलिमीटर असतो, काही जड क्रूझरमध्ये २५.४. बोल्ट निर्मात्याच्या पुस्तिकेतील मापानेच आवळावेत. हँडल उंच झाले, तर केबल, वायरी आणि ब्रेक ऑइलची नळी यांची लांबीही वाढवावी लागते. नळी बदलताना आत हवा राहिली, तर ब्रेकची लिव्हर मऊ लागते. ऑइल दबत नाही, पण हवा दबते आणि हाताचा जोर तिलाच दाबण्यात खर्च होतो.

शेवटी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, इंजिन सुरू करावे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. रेस जराही बदलता कामा नये. मुठी टाकीला लागता कामा नयेत. हँडल कोठेही अडता कामा नये. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. भाच्याच्या गाडीवर ती कोणी केली नव्हती.

वर्गासाठी एक प्रयोग

मोकळ्या मैदानावर एक सायकल घेऊन जा. हँडलला हात न लावता ती फक्त बैठकीला धरून चालवत न्या आणि उजवीकडे कलती करा. पुढचे चाक आपोआप उजवीकडे वळेल. मग सायकल चांगली येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला मध्यम वेगाने सरळ जाऊ द्या. मुठी आवळून न धरता तळवे उघडे ठेवून त्यांवर टेकवायला सांगा, म्हणजे हातांना फक्त ढकलता येईल, ओढता येणार नाही. आता त्याने उजवा तळवा अगदी हलकेच पुढे दाबावा. सायकल कोणत्या बाजूला जाते, ते बाकीच्यांनी आधी वहीत लिहून ठेवावे आणि मग पाहावे.

भाच्याने प्लास्टर निघाल्यावर हा प्रयोग माझ्याच जुन्या सायकलवर केला. परत आल्यावर त्याने मूळ हँडल माळ्यावरून खाली काढले आणि मला विचारले, "मामा, पाना आहे का तुमच्याकडे?"